36 महिने, 36 कोटी, पगार 1 रुपया : सॅम पित्रोदांचे प्रकरण

1980 साली दिल्लीच्या एका चांगल्या हॉटेलात उतरलेल्या अडतीस वर्षांच्या गृहस्थांना शिकागोला बायकोशी दोन शब्द बोलायचे होते. फोन काही लागेना. सकाळी खिडकीतून खाली पाहिले, तर रस्त्यावरून अंत्ययात्रा चाललेली. ती होती बंद पडलेल्या टेलिफोनांची. वैतागलेल्या ग्राहकांनी काढलेली. गृहस्थांचा धंदा टेलिफोन एक्स्चेंज बनवण्याचाच होता. एक माणूस म्हणून त्यांना हसू आले असेल, पण एक्स्चेंजवाला म्हणून त्यांच्या डोक्यात किडा शिरला तो तिथेच. हा प्रसंग सॅम पित्रोदांनी स्वतःच पुढे सांगितला आहे.

त्या वेळचा हिशेब असा. सत्तर कोटींच्या देशात पंचवीस लाखांहून कमी टेलिफोन. सार्वजनिक टेलिफोन सुमारे 12,000. सहा लाख खेड्यांपैकी 97 टक्के खेड्यांत फोनच नाही. शहरातला फोनही नावापुरता. तक्रार करणाऱ्यांना दळणवळण मंत्री सी. एम. स्टीफन यांनी संसदेत दिलेले उत्तर प्रसिद्ध आहे : टेलिफोन हा हक्क नाही, चैन आहे, पटत नसेल त्याने परत करावा, घ्यायला रांग उभीच आहे. रांग खरोखरच वर्षानुवर्षांची होती.

आपल्याकडच्या जुन्या लग्नपत्रिका काढून पाहा. खाली छापलेल्या नंबरापुढे कंसात ‘पी.पी.’ असते. म्हणजे फोन शेजारच्या वकिलांचा किंवा खालच्या किराणा दुकानाचा, आणि निरोप आला की कुणीतरी गॅलरीतून हाक मारायची. ही दोन अक्षरे मी मुद्दाम आठवून देतोय. या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा तांत्रिक निर्णय त्यांच्याशी जोडलेला आहे, आणि व्यवस्थापनाच्या वर्गात हे प्रकरण ‘दूरदृष्टीचा नेता’ म्हणून शिकवताना नेमका तोच गाळला जातो.

माणूस

सत्यनारायण गंगाराम पित्रोदा यांचा जन्म 1942 चा, ओडिशातल्या टिटलागडचा. घराणे गुजराती, सुतारकाम-लोहारकाम करणाऱ्यांचे. गावात वीज नाही, नळ नाही, कंदिलाचा उजेड. मुलांनी शिकावे आणि गुजराती राहावे म्हणून वडिलांनी त्यांना मोठ्या भावाबरोबर गुजरातेत धाडले. वल्लभ विद्यानगरच्या वसतिगृहात शाळा झाली, आणि पुढे बडोद्याला महाराजा सयाजीराव विद्यापीठात भौतिकशास्त्रातली पदव्युत्तर पदवी. गायकवाडांच्या बडोद्याने किती जणांना वर काढले याची यादी मराठी माणसाला पाठ असते. त्या यादीत हे नाव सहसा कुणी घेत नाही.

केनेडी माणूस चंद्रावर पाठवणार, हे ऐकून अमेरिकेला जायचे ठरले. 1964 साली शिकागोच्या इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत ते दाखल झाले. भौतिकशास्त्रातल्या डॉक्टरेटला बरीच वर्षे लागणार आणि विद्युत अभियांत्रिकीतली मास्टर्स लवकर होणार, हे कळल्यावर अभियांत्रिकी निवडली. तोवर या तरुणाने आयुष्यात एकदाही टेलिफोन वापरला नव्हता. शिकत असताना पोटासाठी केलेल्या एका नोकरीत पगाराचा चेक लिहिणाऱ्या बाईंना ‘सत्यन’ झेपेना. चेकवर ‘सॅम’ आले आणि ते कायमचे चिकटले. नाव बदलण्यामागे कसला विचार, कसली बंडखोरी असे काही नाही, पगारपत्रकाची सोय.

1966 साली जीटीई कंपनीत नोकरी आणि त्याच वर्षी लग्न. टेलिफोन एक्स्चेंज यांत्रिक रिलेकडून संगणकाकडे सरकत होते तो हा काळ. स्वरांचे अंक करायचे, ते अंक मायक्रोप्रोसेसरने एका वायरीवरून दुसऱ्या वायरीवर वळवायचे, हे तंत्र पित्रोदा तिथे हातांनी शिकले. 1974 मध्ये नोकरी सोडून भागीदारांबरोबर वेस्कॉम स्विचिंग ही कंपनी काढली. तिचा ‘580 डीएसएस’ हा डिजिटल स्विच, म्हणजे एक्स्चेंजमधले लाइनी जोडणारे यंत्र, 1978 ला बाजारात आला आणि चालला. 1980 मध्ये रॉकवेल इंटरनॅशनलने वेस्कॉम विकत घेतली. पित्रोदा रॉकवेलमध्ये उपाध्यक्ष झाले आणि हातात लाखो डॉलर आले. नावावर पेटंटे, शिकागोच्या उपनगरात घर, दोन मुले.

म्हणजे दिल्लीच्या हॉटेलात फोन न लागणारा माणूस हौशी देशभक्त नव्हता. एक स्विच कागदावरून बाजारात आणायला किती माणसे, किती पैसे आणि किती महिने लागतात, हे त्याला स्वतःच्या खिशातून ठाऊक होते. माझ्या मते पुढच्या सगळ्या गोष्टीची किल्ली इथे आहे.

प्रस्ताव

पुढची तीनेक वर्षे शिकागो-दिल्ली-शिकागो अशा खेपा झाल्या. विमानखर्च खिशातला. इंदिरा गांधींची भेट मागितली तेव्हा दहा मिनिटे देऊ केली गेली. पित्रोदांनी ती नाकारली. तासभर हवा म्हणाले. दिल्लीच्या दरबारी रीतीत ही आगाऊपणाचीच गोष्ट, पण तास मिळाला. पंतप्रधान, मंत्री, अधिकारी आणि राजीव गांधी यांच्यासमोर त्यांनी मांडणी केली. राजीव आणि पित्रोदा यांची गट्टी जमली ती त्या वेळेपासून. दोघे जवळपास एकाच वयाचे, दोघांनाही यंत्रांची आवड.

मांडणीचा गाभा असा होता. परदेशी एक्स्चेंज विकत आणू नका, परवान्यावर जोडूही नका. इथेच आरेखन करा. संख्येच्या मागे न लागता पोहोच वाढवा, म्हणजे दहा जणांना खासगी फोन देण्यापेक्षा शंभर जणांच्या वाटेवर एक चालू फोन ठेवा. यातले दुसरे वाक्य राजकारण्यांना कळण्यासारखे होते. पहिल्याने सरकारच्या टेलिफोन खात्यातली माणसे दुखावली, कारण परवान्याची वाट आधीच ठरलेली होती. फ्रान्सच्या सीआयटी-अल्काटेलच्या ‘ई-10बी’ एक्स्चेंजचा कारखाना इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज उत्तर प्रदेशात मनकापूरला उभारत होती.

ऑगस्ट 1984 मध्ये सेंटर फॉर डेव्हलपमेंट ऑफ टेलिमॅटिक्स, म्हणजे सी-डॉट, स्वायत्त संस्था म्हणून स्थापन झाले. मुदत 36 महिने, पैसे 36 कोटी. सल्लागार पित्रोदा, पगार वर्षाला 1 रुपया. पुढे सरकारी काम करता यावे म्हणून त्यांनी अमेरिकेचे नागरिकत्वही सोडले.

इथे जरा थांबून दुसरी दोन नावे घ्यायला हवीत. सी-डॉटचे कार्यकारी संचालक होते जी. बी. मीमांसी; ते खात्याच्या टेलिकॉम रिसर्च सेंटरमधून आले. आणि कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून आले डॉ. एम. व्ही. पिटके. लष्करासाठी इलेक्ट्रॉनिक स्विच बनवण्याचे काम या संस्थेत आधीच झालेले होते. भारतात हे ज्ञान शून्य होते आणि अमेरिकेहून एक माणूस ते बॅगेत घेऊन आला, असे म्हणणे सरळ चूक आहे. कुलाब्यात आणि दिल्लीत डोकी होती, प्रयोगशाळेत चालणारी यंत्रे होती. त्यांना बाजाराची तारीख, एक खरेदीदार आणि पंतप्रधानांच्या दारापर्यंत जाऊ शकणारा माणूस नव्हता. पित्रोदांनी पुरवले ते हे. कर्तृत्व कमी ठरत नाही. फक्त त्याची जात वेगळी आहे.

लहानापासून सुरुवात

दिल्लीत चाणक्यपुरीतल्या अकबर हॉटेलच्या इमारतीत आणि बंगळुरात कामाला सुरुवात झाली. माणसे तरुण, सरासरी वय पंचविशीच्या आसपास. सरकारी कचेरीत न शोभणारी धावपळ, रात्रीबेरात्री चालणारी कामे, भिंतीवर तारखांची कोष्टके. याची वर्णने बरीच झाली आहेत, मी त्यात भर घालत नाही.

मोलाचा निर्णय होता काय बनवायचे याचा. जगभरची कंपन्यांची रीत अशी की आधी मोठ्या शहरासाठी हजारो लाइनींचा स्विच करायचा आणि मग त्याचाच एखादा तुकडा कापून लहान गावाला द्यायचा. सी-डॉटने उलटे केले. आधी 128 लाइनींचा ठोकळा केला. तो सुटा वापरला की खेड्याचे एक्स्चेंज, आणि तेच ठोकळे एकमेकांना जोडले की मोठे एक्स्चेंज. या पहिल्या यंत्राचे नाव रुरल ऑटोमॅटिक एक्स्चेंज. लाइनमनांच्या तोंडी त्याचे झाले ‘रॅक्स’.

आता उन्हाळा आणि धूळ. पाश्चात्त्य डिजिटल एक्स्चेंजला वातानुकूलित खोली लागे. विजेचाच पत्ता नसलेल्या तालुक्यात एअरकंडिशनर कोण चालवणार? परदेशात ही गोष्ट कुणाच्या मनातही येण्यासारखी नव्हती, कारण तिथे ती अडचणच नव्हती. रॅक्समध्ये कमी वीज खाणारे, बाजारात सहज मिळणारे मायक्रोप्रोसेसर वापरले, म्हणजे यंत्र मुळात तापेच कमी. सगळे धातूच्या बंद कपाटात घातले, म्हणजे धूळ आत जाणार नाही. एअरकंडिशनरची गरजच काढून टाकली. पोस्टाच्या मागच्या खोलीत, टेबलाशेजारी ठेवता येईल असे एक्स्चेंज झाले.

आणि आता ते ‘पी.पी.’. अमेरिकेत एका घरात एक किंवा दोन फोन आणि दिवसभरात मोजके कॉल. तिथले एक्स्चेंज त्या हिशेबाने बेतलेले असते : सगळ्या लाइनी एकाच वेळी कामात येणार नाहीत, हे गृहीत. आपल्याकडे एका फोनवर आख्खी आळी. सकाळी दहाला बाजारभाव, संध्याकाळी सातला पोराची खुशाली. शिवाय एकदा डायल करून लागत नाही म्हणून पुन्हा पुन्हा डायल करणारे ग्राहक, आणि एक्स्चेंजला तो प्रत्येक निष्फळ प्रयत्नही झेलावा लागतो. परदेशी आराखड्याचा स्विच गर्दीच्या तासाला इथे गुदमरायचा तो यामुळे. सी-डॉटने सुरुवातीपासून गर्दी धरूनच आरेखन केले. स्वदेशीचे भावनिक समर्थन ज्याला नको असेल त्याने एवढा एक तांत्रिक मुद्दा घ्यावा. तो पुरेसा आहे.

जुलै 1986 मध्ये पहिले रॅक्स बसले कित्तूरला. राणी चन्नम्माचे कित्तूर, बेळगाव जिल्ह्यातले. कोल्हापूरकडच्या वाचकाला परके नाही. साधारण पाच हजार वस्तीच्या अशा एका गावाचे वर्णन पित्रोदांनी 1993 च्या एका लेखात केले आहे. ट्रकमालक फोनवरून ड्रायव्हर शोधू लागला, शेतकरी शहरातला खरा भाव विचारू लागला, दुकानदार माल मागवू लागला, आणि सहा महिन्यांत गावच्या बँकेतल्या ठेवी 80 टक्क्यांनी वाढल्या. एका गावावरून देशाचा निष्कर्ष काढू नये, हे खरेच. पण दलालाने सांगितलेला भाव आणि मंडईतला भाव यांतले अंतर ज्याने घरात पाहिले आहे, त्याला हा आकडा अशक्य वाटणार नाही.

जे आले आणि जे अडकले

1987 मध्ये मुदत संपली तेव्हा हातात होते : 128 लाइनींचे ग्रामीण एक्स्चेंज, कचेऱ्यांसाठी तेवढ्याच लाइनींचे खासगी एक्स्चेंज, आणि 512 लाइनींचे मध्यम एक्स्चेंज. दहा हजार लाइनींच्या मोठ्या एक्स्चेंजची तयारी झाली होती, पण ते प्रत्यक्ष चाचणीच्या उंबऱ्यावर होते. शहरांना हवे होते ते नेमके हेच. मुंबई-दिल्लीची प्रतीक्षा यादी रॅक्सने हटणारी नव्हती.

मग दोन बाजूंनी दोन गोष्टी सांगितल्या जाऊ लागल्या. सी-डॉटवाले म्हणत, इतक्या पैशांत जगात कुणी एवढे केलेले नाही. मोठ्या परदेशी कंपन्या एका स्विचच्या आरेखनावर याच्या कितीतरी पट खर्च करतात. खात्यातले म्हणत, ग्राहक थांबलाय, मोठा स्विच कुठे आहे? मला दोघांचेही म्हणणे खरे वाटते. चूक झाली ती मुदत जाहीर करताना. 36 महिने आणि 36 कोटी ही जोडी भाषणाला छान होती, लक्षात राहणारी होती. म्हणूनच सदतिसावा महिना उजाडताच ती विरोधकांच्याही लक्षात राहिली. स्विचचे सॉफ्टवेअर अखेरच्या दहा टक्क्यांत किती छळते, हे वेस्कॉम चालवलेल्या माणसाला नक्की माहीत असणार. तरीही त्यांनी स्वतःला तारखेला बांधून घेतले. विक्रेत्याचा स्वभाव, दुसरे काय.

तंत्रज्ञान मात्र अडकून राहिले नाही. सरकारी कारखान्यांबरोबर खासगी उत्पादकांनाही आराखडे दिले गेले, आणि सुट्या भागांचा एक छोटा उद्योग त्याभोवती उभा राहिला. मोठे एक्स्चेंजही पुढे उभे राहिले. तालुक्या-तालुक्यांत वर्षानुवर्षे डायल टोन दिला तो सी-डॉटच्या कपाटांनी.

एसटीडी बूथची कल्पना मात्र सगळ्यांना आठवते, कारण ती दिसायची. तिच्यात यंत्र जवळपास नाहीच : साधा फोन, सोबत एक मीटर, आणि तो सांभाळणाऱ्याला पैशांतला वाटा. नाणी टाकायचा डबा काढून त्याच्या जागी माणूस बसवला. अपंगांना बूथ देण्यात प्राधान्य मिळाले. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरे, लाल आकड्यांत सरकणारे मीटर, रात्री उशिरा पाव दर लागायचा म्हणून एसटी स्टँडसमोर जेवणानंतर लागणारी रांग. होस्टेलच्या पोरांनी निम्मे प्रेम आणि निम्मी घरची भांडणे त्या काचेच्या खोक्यातच उरकली. नाण्याचा फोन बिघडला की महिनाभर तसाच राही. बूथवाला मात्र बिघाड झाला की लाइनमनला चहा पाजून त्याच दिवशी दुरुस्त करून घेई, कारण त्याची चूल त्यावर होती. देखभालीचा प्रश्न इतक्या स्वस्तात सोडवलेला मी तरी दुसरीकडे पाहिलेला नाही.

1987 पासून पित्रोदा पंतप्रधानांचे तंत्रज्ञान अभियानांचे सल्लागार झाले : पिण्याचे पाणी, लसीकरण, साक्षरता, तेलबिया, दूरसंचार आणि मागाहून दूधव्यवसाय. 1989 मध्ये दूरसंचार आयोग स्थापन झाला आणि ते त्याचे पहिले अध्यक्ष. एक्स्चेंज बनवणारा माणूस आता पाणी आणि गोवर यांच्या बैठका घेत होता. कामाचा पसारा वाढला की शत्रूंचाही वाढतो, आणि पाठीशी असलेला आधार मात्र तेवढाच, एका माणसाचा.

घरचा हिशेब

डिसेंबर 1989 मध्ये राजीव गांधींचे सरकार गेले. विश्वनाथ प्रताप सिंगांच्या सरकारात दूरसंचार मंत्री झाले के. पी. उन्नीकृष्णन. मंत्री आणि आयोगाचे अध्यक्ष यांच्यात उघड जुंपली. भ्रष्टाचाराचे आणि मर्जीतल्यांना झुकते माप दिल्याचे आरोप झाले. त्यांतून काही सिद्ध झाले नाही, पण आरोप छापून येतात पहिल्या पानावर आणि खुलासे सातव्या. त्याच काळात पित्रोदांना हृदयविकाराचा झटका आला आणि बायपास करावी लागली. तेव्हा वय अठ्ठेचाळिशीच्या आतबाहेर.

प्रकरण अभ्यासात हा भाग बहुतेक ‘वैयक्तिक किंमत’ अशा एका ओळीत उरकतात. ती ओळ उलगडायला हवी. इतकी वर्षे पगार 1 रुपया याचा अर्थ घर वेस्कॉमच्या पैशांवर चालले. शिकागोत वाढलेले बिऱ्हाड दिल्लीत येऊन राहिले, मुलांच्या शाळा बदलल्या. आपण देशासाठी काय करतोय हे ज्याला दिसते तो त्यात रमतो. घरातल्या बाकीच्यांना दिसतो तो न येणारा पगार आणि न येणारा माणूस. पुढे मुले कॉलेजच्या वयाची झाली तेव्हा अमेरिकेतल्या फीसाठी पैसे उरले नव्हते. हेही पित्रोदांनीच लिहिले आहे, फार गळा न काढता.

एका रुपयाच्या पगाराबद्दल माझे मत जरा कडू आहे. आपल्याकडे असल्या आकड्याचे कौतुक पटकन होते. त्यात त्याग दिसतो. पण बिनपगारी माणूस संस्थेच्या शिडीवर कुठेच बसत नाही. त्याला वरिष्ठ नाही, निवृत्ती नाही, बदली नाही. त्याचा अधिकार फक्त पंतप्रधानांच्या मर्जीचा. खात्यातला सहसचिव मंत्री बदलला तरी दुसऱ्या टेबलावर जातो. एक रुपयावाल्याला जायला टेबलच नसते. सी-डॉटची बाहेरची ओळखही पित्रोदांच्या नावाला इतकी चिकटलेली होती की त्यांच्यावर फेकलेला चिखल मीमांसी, पिटके आणि अकबर हॉटेलमध्ये रात्री जागणाऱ्या पोरांच्या कामावरही उडाला. पगार घेतला असता, पद नियमांत बसवून घेतले असते, हाताखाली दुसरी फळी नावानिशी पुढे केली असती, तर 1990 सालचा वार एवढा खोल गेला नसता, असे मला वाटते. अर्थात पगार घेणाऱ्या माणसाला इंदिरा गांधींचा एक तास मिळाला असता का, हाही प्रश्न आहेच.

21 मे 1991 ला राजीव गांधींची हत्या झाली. त्याच वर्षी पित्रोदांनी आयोग सोडला आणि ते शिकागोला परतले. वयाच्या पन्नाशीत कमाईला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. 1995 मध्ये विकसनशील देशांत टेलिफोनसाठी पैसा उभा करणाऱ्या वर्ल्डटेलचे ते प्रमुख झाले, आणि पुढे मोबाइलवरच्या पाकिटासाठी त्यांनी सी-सॅम ही कंपनी काढली. ती 2014 मध्ये मास्टरकार्डने घेतली. धंदा त्यांना कधी जड गेला नाही.

मधल्या काळात दिल्लीने पुन्हा बोलावले होते. 2005 मध्ये मनमोहन सिंगांनी त्यांना राष्ट्रीय ज्ञान आयोगाचे अध्यक्ष केले, 2009 मध्ये पद्मभूषण मिळाले, त्यानंतर मंत्रिपदाच्या दर्जाचे सल्लागारपद आणि राष्ट्रीय नवोन्मेष परिषद. अलीकडच्या काही वर्षांत काँग्रेसच्या परदेशातल्या शाखेचे प्रमुख म्हणून केलेल्या विधानांनी ते बातम्यांत असतात. नव्या वाचकाला ते त्यामुळेच माहीत आहेत, हे मला थोडे खटकते.

मे 2014 मध्ये सरकार पुन्हा बदलले आणि सल्लागारपद संपले. या वेळी मात्र घर शिकागोलाच ठेवलेले होते.